राहत्या घराचा हक्क आला कुठून?



बचत गटाच्या बैठकीत असो की केंद्रावर आलेल्या फोनवर, एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. "घर मामंजींच्या नावावर आहे. ते म्हणतात, तुझा इथं काय संबंध, नीघ. मग मी निघायचं का?" कधी मामंजींच्या जागी दीर असतो, कधी सासूबाई, कधी स्वतः नवरा. वेळ बहुतेकदा रात्रीची असते. बाई अंगावरच्या कपड्यांनिशी, कडेवर लेकरू घेऊन एसटी स्टँडवर नाहीतर शेजारणीच्या ओट्यावर बसलेली असते.

या प्रश्नाचं उत्तर आज थोडक्यात देता येतं. ज्या घरात तुम्ही नांदलात, तिथून कायद्याच्या रीतीशिवाय तुम्हाला कुणीही काढू शकत नाही, मग ते घर कुणाच्याही नावावर असो. पण हे उत्तर आपल्याला आयतं मिळालेलं नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांहून जास्त काळाचा इतिहास आहे. आज आम्ही तोच सांगणार आहोत, कारण आपला हक्क कुठून आला हे ठाऊक असलं की तो मागताना आवाज कापत नाही.

आधी आपल्याच एका शब्दाकडे बघू. आपण म्हणतो, मुलगी नांदायला गेली. तिचं बिनसलं तर म्हणतो, ती नांदत नाही. आणि नवऱ्याबद्दल म्हणतो, तो तिला नांदवत नाही. म्हणजे नांदायचं बाईनं आणि नांदवायचं पुरुषानं. घर त्याचं, आणि तिथं राहणं ही त्याची मर्जी. कितीतरी वर्षं कायदाही याच समजुतीनं चालत होता. बाई घरी जात नसेल तर तिला कसं धाडायचं, हे त्याला माहीत होतं. तिला घराबाहेर काढलं तर काय करायचं, याचं मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पहिली बाजू किती पक्की होती, हे मुंबईच्या रखमाबाईंच्या खटल्यात दिसलं. रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचं लग्न लावलं गेलं. त्या आईकडेच राहिल्या, आपल्या आपण शिकत राहिल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचा त्यांना आधार होता. वडिलांकडून आलेली मालमत्ताही रखमाबाईंच्या नावावर होती, हे विसरू नका. १८८४ साली दादाजींनी कोर्टात दावा लावला की बायकोला माझ्या घरी नांदायला पाठवा. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी सांगितलं की न कळत्या वयात लग्न झालेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध असं पाठवता येणार नाही. यावर गदारोळ झाला. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. अपिलात खटला परत आला आणि मार्च १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. मग त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढची अनेक वर्षं सुरत आणि राजकोटला बायकांच्या दवाखान्यांत काम करत राहिल्या. ही गोष्ट सहसा बालविवाहाच्या संदर्भात सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण आम्हाला तिच्यात दुसरंही काही दिसतं. बाईला घरात ढकलण्यासाठी त्या काळच्या कायद्याकडे तुरुंग होता. त्याच मुंबईत त्याच वर्षी एखाद्या नवऱ्यानं बायकोला जिन्यावरून खाली लोटून दार लावून घेतलं असतं, तर ते दार उघडायला लावणारा हुकूम तिला कुठं मिळाला असता?

पुढच्या काळात कायदे झाले, पण घराच्या प्रश्नाला ते कडेकडेनेच शिवले. १९३७ मध्ये हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता वाटा मिळाला. डॉ. गोपाळराव देशमुखांनी त्यासाठी खटपट केली म्हणून लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. शेतजमीन मात्र सुरुवातीला त्यातून बाहेर राहिली, आणि खेड्यातल्या बाईला शेतजमिनीवाचून दुसरी मालमत्ता ती कोणती? १९४६ चा कायदा म्हणाला की नवरा छळत असेल, टाकून देत असेल, दुसरी आणत असेल, तर बायको वेगळी राहू शकते आणि पोटगी मागू शकते. ती त्या काळात मोठीच गोष्ट होती. पण त्यात वेगळं कुणी राहायचं? बाईनेच. मारणारा घरात आणि मार खाणारी घराबाहेर, ही वाटणी कायद्यानेही तशीच ठेवली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा आला, पण कलम २३ नावाची एक मेख होती. राहत्या घराची वाटणी भाऊ मागतील तेव्हाच, बहिणीने मागायची नाही. त्या घरात राहण्याचा हक्कही फक्त बिनलग्नाच्या, टाकलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या किंवा विधवा मुलीला. म्हणजे सासरचं घर नवऱ्याच्या मर्जीवर आणि माहेरच्या घरात शिरायला आधी संसार मोडलेला हवा. हे कलम २००५ साली निघालं. योगायोग असा की घरगुती हिंसेचा कायदाही त्याच वर्षी, त्याच सप्टेंबर महिन्यात झाला.

पण त्याआधी आपल्या महाराष्ट्रात काय घडलं, ते बघायला हवं.

१९८३ मध्ये ४९८अ हे कलम आलं. सुनेचा छळ हा गुन्हा ठरला, नवऱ्याला आणि सासरच्यांना अटक होऊ लागली. त्या कलमाचं मोल कमी नाही. पण फिर्याद देऊन पोलीस ठाण्याबाहेर पडलेल्या बाईने त्या रात्री झोपायचं कुठं? ज्यांच्यावर तिने फिर्याद दिली, त्यांच्याच घरात? म्हणून कितीतरी बायका फिर्याद देतच नसत, किंवा दिलेली मागे घेत. फौजदारी कायदा शिक्षा देऊ शकत होता, छप्पर देऊ शकत नव्हता.

छपराचा प्रश्न मोठ्याने बोलून दाखवला तो टाकलेल्या बायकांनी. कागदावर त्यांना परित्यक्ता म्हणतात, गावात टाकलेलीच म्हणतात. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद घेतली. वकील निशा शिवूरकर त्यात पुढे होत्या. तोवर प्रत्येकीला वाटत होतं की हे आपलंच नशीब. घटस्फोट नाही, पोटगी नाही, रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, आणि माहेरी भावजयीच्या चुलीशेजारी एक कोपरा. एकत्र आल्यावर त्यांना कळलं की अशा आपण गावोगाव आहोत. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या बायकांनी परित्यक्तांना स्वतःची जागा मिळावी, राहायला घर आणि कसायला जमीन मिळावी, ही मागणी लावून धरली. त्यांच्या बोलण्यात दया मागणं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्या घरात राबलो, त्याचा हिशेब द्या, असं ते बोलणं होतं.

शेतकरी संघटनेने याच सुमारास वेगळी वाट धरली. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: बायकोच्या नावावर जमीन करा. ज्या गावात शंभर जणांनी असं केलं, ते लक्ष्मीमुक्त गाव. पुढे सरकारनेही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली, आणि घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं लावण्याची मोहीम चालवली. तुमच्यापैकी काहींच्या घरांवर दोघांची नावं असतील ती त्यामुळेच. मात्र हे सारं नवऱ्याच्या राजीखुशीचं काम. जो बायकोला बाहेर काढतो, तो तिचं नाव उताऱ्यावर कशाला लावेल?

दिल्ली-मुंबईच्या वकील बायकांना हीच अडचण कोर्टात रोज दिसत होती. १९९० नंतरच्या काळात इंदिरा जयसिंग आणि लॉयर्स कलेक्टिव्ह या त्यांच्या संस्थेने महिला संघटनांशी बोलत घरगुती हिंसेवरच्या दिवाणी कायद्याचा मसुदा तयार केला. तुरुंगाआधी संरक्षण, आणि घर कुणाच्या मालकीचं आहे हे न बघता बाईला तिथं राहण्याचा हक्क, ही त्यातली मुख्य गोष्ट. २००२ मध्ये सरकारने आपलं विधेयक आणलं ते भलतंच. त्यात हिंसा म्हणजे सवयीने मारणं. म्हणजे एकदा-दोनदा मारलं तर चालेल? शिवाय स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या बचावासाठी मारलं असं नवऱ्याने म्हटलं की तो सुटला. राहण्याच्या हक्काचा स्पष्ट उच्चारही नव्हता. महिला संघटना भडकल्या आणि प्रकरण संसदेच्या समितीकडे गेलं. २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक बारगळलं. ते बारगळलं याचं आम्हाला आजही बरं वाटतं.

नवं विधेयक २००५ मध्ये मंजूर झालं आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालं. त्यातलं कलम १७ आपण पाठच करून ठेवावं. घरगुती नात्यातल्या प्रत्येक बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, त्या घरात तिची मालकी असो वा नसो, आणि कायद्याच्या रीतीशिवाय तिला तिथून काढता येणार नाही. सामाईक घर म्हणजे जिथे ती त्या नात्यात राहते किंवा कधीकाळी राहिली. 'प्रत्येक बाई' म्हणताना कायद्याने धर्म बघितला नाही, आणि ती बायकोच असली पाहिजे असंही म्हटलं नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात राहणारी, सगळ्या त्यात आल्या.

पाठोपाठ कलम १९ येतं. त्याखाली कोर्ट हुकूम देऊ शकतं की हिला बाहेर काढू नका. हिच्या खोलीत नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी पाऊल टाकू नये. घर विकू नका, गहाण टाकू नका. नाहीतर तिला तितक्याच सोयीची दुसरी जागा द्या किंवा तिचं भाडं भरा. नवऱ्यालाच घराबाहेर जायला सांगण्याची ताकदही त्यात आहे. असा बाहेर जाण्याचा हुकूम बाईवर मात्र काढता येत नाही, म्हणजे सुनेच्या अर्जावरून सासूला घराबाहेर काढता येणार नाही. ते योग्यच आहे, असं आमचं मत आहे. रखमाबाईंच्या काळी कोर्ट बाईला सांगत होतं, जा. आता ते पुरुषाला सांगू शकत होतं.

आणि मग दोनच महिन्यांत या हक्काला पहिला दणका बसला. १५ डिसेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्याचा निकाल दिला. दिल्लीतलं घर, मालकी सासूची, वरच्या मजल्यावर नवरा-बायको राहत असत. वाद होऊन सून माहेरी गेली, परत आली तर दाराला कुलूप. न्यायालय म्हणालं की सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा तो ज्या एकत्र कुटुंबात आहे त्या कुटुंबाचं घर. सासूने स्वतः मिळवलेलं घर त्यात येत नाही. नाहीतर जोडपं जिथे जिथे चार दिवस राहिलं, ते प्रत्येक घर सुनेचं होईल आणि सगळा गोंधळ माजेल, अशी भीती न्यायमूर्तींनी घातली.

यातून बाहेर जो धडा घेतला गेला, तो तुम्ही ओळखला असेल. घर मुलाच्या नावावर ठेवू नका! वाद दिसू लागला की नवऱ्याचा हिस्सा आईला बक्षीसपत्राने गेला, दिराच्या नावावर झाला. वडिलांनी पेपरात जाहीर नोटीस दिली की मुलाशी आमचा संबंध नाही, आणि तोच मुलगा संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसला. खेड्यात वडिलोपार्जित वाडा असेल तर तो एकत्र कुटुंबाचा म्हणून सुनेला जागा मिळे. पण सासऱ्याने नोकरीतून, उसाच्या पैशातून बांधलेल्या घराचं दार तिच्यासाठी बंद झालं. आपल्याकडे तरुण मुलाच्या नावावर घर असतं कुठं? सासरा हयात असेपर्यंत, आणि पुष्कळदा तो गेल्यावरही, नमुना ८ वर नाव त्याचंच. म्हणजे कायदा झाला तो बाईसाठी आणि त्याची चावी सासऱ्याच्या खिशात. ही स्थिती जवळजवळ चौदा वर्षं होती.

मधे २०१६ मध्ये एक अडसर निघाला. अर्ज फक्त सज्ञान पुरुषाविरुद्ध करता येतो, अशी मूळ कायद्यात अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यामुळे नणंद किंवा सासू पुढे करून पुरुषांनी मागे लपण्याची सोय राहिली नाही.

मुख्य निकाल आला १५ ऑक्टोबर २०२० ला, आहुजा खटल्यात. इथंही घर दिल्लीतलंच, मालक सासरे. सुनेने घरगुती हिंसेचा अर्ज केला आणि सासऱ्यांनी तिला घर खाली करायला लावण्यासाठी दावा लावला. न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्यासह तीन न्यायमूर्तींनी बत्रा खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. त्यांनी सांगितलं की घर नवऱ्याच्या कोणत्याही नातेवाइकाचं असलं आणि बाई तिथं घरगुती नात्याने राहिली असली, तर ते सामाईक घर आहे. गोंधळाच्या भीतीचंही उत्तर त्यांनी दिलं. पाहुणी म्हणून चार दिवस राहणं वेगळं आणि कायमचं म्हणून नांदणं वेगळं. तेवढा फरक कोर्टाला करता येतो.

त्याच वर्षी १५ डिसेंबरला, म्हणजे बत्रा निकालाच्या बरोबर चौदाव्या वर्षी, बंगळूरचं एक प्रकरण निकाली निघालं. नवऱ्याने घेतलेली जागा त्याने वडिलांना विकली, वडिलांनी ती आईला बक्षीस दिली, आणि मग ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली सुनेला घर सोडण्याचा हुकूम मिळवला. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. ज्येष्ठांचा कायदा त्यांच्या आधारासाठी आहे, पण सुनेचा राहण्याचा हक्क गुपचूप पुसण्याचं हत्यार म्हणून तो वापरता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचायला हवेत.

१२ मे २०२२ चा निकाल उत्तराखंडातल्या एका विधवेचा. लग्नानंतर काही आठवड्यांतच नवरा अपघातात गेला आणि सासरच्यांनी तिला घरात घेतलंच नाही. न्यायालयाने सांगितलं की बाई आज त्या घरात राहत नसली किंवा तिला तिथं राहूच दिलं नसलं, तरी हक्क जात नाही. ज्यांना लग्न झाल्याबरोबर माहेरी पाठवून दिलं, त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आम्ही तुमची फसवणूक केली असं होईल. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. घर तुमच्या नावावर होत नाही, विकून पैसे मिळत नाहीत. आहुजा निकालातच म्हटलं आहे की हा हक्क कायमचा, अढळ नाही. सासू-सासरे म्हातारे असतील आणि त्यांना शांतपणे राहणं अवघड झालं असेल, तर कोर्ट दोन्ही बाजू तोलून सुनेला नवऱ्याच्या खर्चाने दुसरी जागा देऊ शकतं. आणि मुलगा-सून मिळून म्हातारीला बाहेर काढत असतील तर ती सासूही याच कायद्याखाली अर्ज करू शकते. आपल्या गटात सासवाही आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगितलं.

अर्ज तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तुम्ही माहेरी येऊन राहिला असाल तर तिथल्या कोर्टातही तो चालतो, सासरच्या गावी जायची गरज नाही. घटस्फोट घेतलेला किंवा मागितलेला असण्याची अटही नाही. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात. बाईला, तिची मिळकत कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा. प्रत्यक्षात असं घडत नाही, हे तुम्हीही जाणता आणि आम्हीही. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम हुकूम मागा. निकाल लागेपर्यंत मला घरातून काढू नये, एवढं एक वाक्य तरी अर्जात असलंच पाहिजे. हुकूम मिळाला आणि तरी दार उघडत नसेल, तर जवळच्या ठाण्याच्या पोलिसांनी मदत करावी असंही कोर्टाला सांगता येतं.

तुम्ही त्या घरात राहत होता, हे दाखवावं लागतं. मालकीचा कागद नसला तरी चालेल. रेशनकार्ड, आधारवरचा पत्ता, गॅसचं पुस्तक, मुलाच्या शाळेतला पत्ता, अंगणवाडीच्या नोंदवहीतलं नाव, लग्नाची पत्रिका, यातलं जे असेल ते उपयोगी पडतं. त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, मात्र त्याच घराच्या कपाटात नकोत, कारण बाहेर काढतात तेव्हा कपाट आतच राहतं. बहिणीकडे ठेवा, नाहीतर गटाच्या पेटीत.